अंश आणि छेद

प्रत्येक धर्मग्रामाच्या कार्यालयात एक जुने कपाट असते. स्नानसंस्काराच्या, विवाहाच्या आणि मृतांच्या नोंदवह्या त्यात ओळीने लावून ठेवलेल्या असतात. नवीन ठिकाणी बदली झाली, की पहिल्या आठवड्यातच मी ते कपाट उघडतो. कडा कुरतडलेल्या, शाई फिकट झालेल्या त्या पानांवरून नजर फिरवताना गावाची नाडी हाती लागते. एखाद्या वर्षी मृतांची पाने एकाएकी वाढलेली दिसतात. ती साथ कोणती होती हे सांगणारे आज कोणी उरलेले नसते, पण वही सांगते. गावाच्या आठवणीत एखादा खून पन्नास वर्षे ताजा राहतो. वहीत मात्र त्याची एकच ओळ असते. त्याच पानावर तापाने आणि हगवणीने गेलेल्या अर्भकांच्या वीस ओळी असतात आणि त्यांची आठवण कोणालाच नसते.

आठवण आणि वही यांच्यातील ही तफावत सर्वप्रथम ज्याने गांभीर्याने घेतली, तो धर्मगुरू नव्हता, पंडितही नव्हता. जॉन ग्रांट हा लंडनमधला कापडाच्या व्यवसायातील एक दुकानदार. त्या शहरातील धर्मग्रामांकडून दर आठवड्याला मृत्यूंचे तक्ते प्रसिद्ध होत. लोक ते वाचत, प्लेग कुठवर आला याची चर्चा करीत आणि कागद फेकून देत. ग्रांटने वर्षानुवर्षांचे तक्ते गोळा केले, त्यांची बेरीज मांडली आणि १६६२ साली आपली निरीक्षणे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. वीस वर्षांतील २,२९,२५० मृत्यूंपैकी खुनाने झालेले मृत्यू ८६ हून अधिक नव्हते, असे त्याला आढळले. लोक ज्याला भीत होते आणि लोक ज्याने मरत होते, या दोन गोष्टी फार वेगळ्या होत्या. आणखी एक गोष्ट त्याने लिहून ठेवली. मृत्यूचे कारण ठरविण्याचे काम ज्या वृद्ध स्त्रियांकडे होते, त्यांना पेलाभर मद्य आणि थोडे पैसे मिळाले, की लाजिरवाण्या रोगाचे नाव तक्त्यात येत नसे. म्हणजे आकडा वाचण्यापूर्वी तो कोणी आणि कसा मोजला हे विचारले पाहिजे, हेही या शास्त्राच्या पहिल्याच पुस्तकाने शिकविले.

आज आपल्या घरी आठवड्याचा एक तक्ता येत नाही. दर तासाला शंभर बातम्या येतात. वर्तमानपत्र, दूरचित्रवाणी आणि हातातला फोन यांतून येणाऱ्या या बातम्यांवर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न आपण चातुर्याचा समजतो. फसला तो भोळा, सावध राहिला तो हुशार, एवढाच त्याचा अर्थ आपण घेतो. माझ्या मते हा प्रश्न चातुर्याइतकाच नीतीचाही आहे. चुकीची समजूत करून घेतल्याने नुकसान आपले एकट्याचे होत असते, तर गोष्ट वेगळी होती. तसे ते बहुधा होत नाही.

सुरुवात एका साध्या उदाहरणापासून करू. २०१५ सालच्या ऑक्टोबर महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने जाहीर केले, की सॉसेज, हॅम, बेकन यांसारखे प्रक्रिया केलेले मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. संस्थेने हे मांस तंबाखूच्याच गटात घातले. त्या रविवारी मिस्सानंतर एक गृहस्थ बातमीचे कात्रण घेऊन माझ्याकडे आले. गोव्याच्या चोरीसची माळ त्यांच्या स्वयंपाकघरात नेहमी टांगलेली असते. चेहरा अगदी पडलेला होता. “फादर, शंभरात अठरा जण म्हणजे फारच झाले. आता हेही सोडायचे का?”

त्यांचे वाचन प्रामाणिक होते, पण बातमीत ‘शंभरात अठरा’ असे म्हटलेलेच नव्हते. शाळेत आपण अपूर्णांक शिकलो. वर अंश, खाली छेद. बातमी अंश मोठ्या अक्षरांत छापते आणि छेद गाळते. १८ टक्के वाढ, पण कशाच्या? ब्रिटनमधील लोकांच्या बाबतीत हा हिशेब मांडला गेला आहे. तेथे शंभर माणसांपैकी सुमारे सहा जणांना आयुष्यात कधी तरी हा रोग होतो. सहाच्या १८ टक्के म्हणजे एकाच्या आसपास. म्हणजे त्या शंभर जणांनी जन्मभर रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ले, तर सहाच्या ठिकाणी सात रुग्ण होतील. भारतात तर या रोगाचे प्रमाण ब्रिटनपेक्षा कमीच आहे. तंबाखूच्या गटाचा अर्थही निराळा होता. पुरावा किती भक्कम आहे, यावरून ते गट पाडलेले असतात. धोका किती मोठा आहे, यावरून नव्हे. मांसाने कर्करोग होऊ शकतो हे तंबाखूइतकेच निश्चित आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्याच वेळी संस्थेने तुलनेसाठी जागतिक अंदाजही दिले होते. वर्षाकाठी कर्करोगाने होणारे मृत्यू तंबाखूमुळे सुमारे १० लाख, मद्यामुळे ६ लाख आणि अशा मांसाच्या अतिसेवनामुळे ३४ हजार.

हे आकडे मी त्या गृहस्थांना सांगितले. सॉसेजची चिंता ओसरली. मद्याचा आकडा ऐकून मात्र ते गप्प झाले. रोज सायंकाळी घेतल्या जाणाऱ्या पेल्याविषयी त्यांनी मला कधीच काही विचारले नव्हते. नव्या धोक्याची बातमी होते, जुन्या धोक्याची सवय होते. छेद विसरला, की भीती चुकीच्या दाराशी पहारा देत बसते.

आता याहून कठीण गोष्टीकडे वळू. १९७८ साली अमेरिकेतील हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयाशी संबंधित ६० डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना विचारलेला एक प्रश्न प्रसिद्ध झाला. एक रोग हजार माणसांत एकाला असतो. त्याच्या तपासणीत निरोगी माणसांपैकी पाच टक्क्यांना चुकून रोगी ठरविले जाते. एखाद्याची तपासणी ‘रोग आहे’ असे सांगत असेल, तर त्याला खरोखर रोग असण्याची शक्यता किती? जवळजवळ निम्म्यांनी उत्तर दिले, ९५ टक्के. बरोबर उत्तर ६० पैकी केवळ ११ जणांना देता आले. ते होते सुमारे दोन टक्के.

बोटांवर मोजून पाहू. हजार माणसे घ्या. रोगी एक, तपासणीत तो सापडतो असे धरू. उरलेल्या ९९९ निरोगी माणसांपैकी पाच टक्के, म्हणजे सुमारे ५० जणांवर तपासणी चुकून बोट ठेवते. एकूण ५१ जणांना रोगी म्हटले गेले, खरा रोगी त्यांत एकच. पन्नास निरपराध आणि एक अपराधी! तपासणी वाईट नव्हती. मूळ गोष्टच विरळ होती आणि ते विरळपण डॉक्टरांनी हिशेबातून वगळले होते. पूर्वीची माहिती आणि नवा पुरावा यांची सांगड कशी घालावी, याचे गणित थॉमस बेज नावाच्या इंग्रज पाळकाने मांडून ठेवले होते. १७६१ साली तो वारल्यानंतर त्याच्या कागदपत्रांतून ते त्याच्या मित्राने, रिचर्ड प्राइस या दुसऱ्या पाळकाने, १७६३ साली प्रसिद्धीस दिले.

हे गणित दवाखान्यातच थांबत नाही. २०१८ साली मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवा देशभर फिरत होत्या. फोनवरून पसरलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीत तयार झालेल्या, मुलांना जपा असे सांगणाऱ्या जाहिरातीची होती. तिचा शेवट कापून टाकला होता. १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे पाच माणसे जमावाने ठेचून मारली. ती सोलापूर जिल्ह्यातून आलेली, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातली, भिक्षा मागून जगणारी माणसे होती. मुले पळविणारे म्हणून त्यांना पकडण्यात आले होते. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, आपल्याच पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच अफवांच्या वातावरणात मारले गेले. ते सुरतेला आपल्या गुरूंच्या अंत्यविधीसाठी निघाले होते.

जमावातील कित्येकांच्या मनात आपण मुलांचे रक्षण करीत आहोत अशीच भावना असेल. त्यांचा ‘पुरावा’ कोणता होता? अनोळखी चेहरा, वेगळा पेहराव, परकी बोली, लहान मुलाशी बोलणे. कल्पनेने हाच हिशेब मांडू. गावात वर्षभरात हजार अनोळखी माणसे येतात. फेरीवाले, भिक्षेकरी, मजूर, वाट चुकलेले प्रवासी. त्यांत एक दुर्जन आहे असे धरू. प्रत्यक्षात तेवढाही नसतो. ही लक्षणे दुर्जनात नक्की दिसतात आणि सज्जनांपैकी शेकडा पाच जणांत योगायोगाने दिसतात असेही धरू. उत्तर तेच येते. गाव ज्या ५१ जणांवर झडप घालील, त्यांपैकी पन्नास निर्दोष असतील. हात उगारण्याआधी ‘असे किती जण येतात आणि त्यांतले किती वाईट असतात’ एवढा एकच प्रश्न कोणी मोठ्याने विचारला असता, तर! छेद विसरणे ही येथे आकडेमोडीतली चूक राहत नाही. ती मनुष्यहत्येची पहिली पायरी होते.

असे अडाणी जमावातच घडते, अशी आपली समजूत असेल तर सॅली क्लार्क या इंग्रज स्त्रीची कहाणी ऐकावी. ती स्वतः वकील होती. डिसेंबर १९९६ मध्ये तिचा पहिला मुलगा अकरा आठवड्यांचा असताना अकस्मात मरण पावला. जानेवारी १९९८ मध्ये दुसरा मुलगा आठ आठवड्यांचा असताना तसाच गेला. दोन्ही मुलांच्या खुनाचा आरोप आईवर ठेवण्यात आला. १९९९ साली चेस्टरच्या न्यायालयात रॉय मेडो या नामवंत बालरोगतज्ज्ञांनी साक्ष दिली, की अशा कुटुंबात एका अर्भकाचा अकस्मात मृत्यू होण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक. म्हणून दोन अर्भकांची शक्यता या संख्येचा वर्ग, म्हणजे ७ कोटी ३० लाखांत एक. हा आकडा वर्तमानपत्रांनी उचलून धरला. ज्यूरीने बहुमताने तिला दोषी ठरविले. मुलांच्या शोकात असलेल्या आईला जन्मठेप झाली.

त्या आकड्यात दोन चुका होत्या. फासा दोनदा टाकला, तर पहिल्या दानाचा दुसऱ्याशी संबंध नसतो, म्हणून तेथे गुणाकार चालतो. भावंडे म्हणजे फाशाची दाने नव्हेत. त्यांचे रक्त एक, घर एक, हवा एक. पहिले मूल ज्या अज्ञात कारणाने गेले, ते दुसऱ्यालाही गाठण्याची शक्यता अधिक असते. दुसरी चूक याहून खोल होती. घटना विरळ आहे, म्हणून तिचे नैसर्गिक कारण अशक्य आणि म्हणून आई खुनी, असा अर्थ लोकांनी काढला. परंतु आईने आपल्या दोन तान्ह्या मुलांना एकामागून एक मारणे, हीदेखील अतिशय विरळ घटना आहे. दोन मुले गेली होती, हे तर झालेलेच होते. प्रश्न एवढाच होता, की दोन विरळ कारणांपैकी अधिक विरळ कोणते? ती तुलना ज्यूरीपुढे कोणी मांडली नाही. पुढे रे हिल या गणितज्ञाने ती मांडली, तेव्हा दुहेरी खून हाच अधिक विरळ ठरला. ज्या देशात वर्षाला सहा लाखांहून अधिक मुले जन्मतात, तेथे विरळ दुर्दैव कोणाच्या तरी वाट्याला येणारच. ज्याच्या वाट्याला ते आले, त्याला गुन्हेगार म्हणणे हा दुर्दैवावर केलेला अन्याय आहे.

२००० साली तिचे पहिले अपील फेटाळले गेले. २००१ साली ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्या आकड्याला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर निवेदन काढले. दुसऱ्या मुलाच्या शरीरात जंतू सापडल्याचा अहवाल शवचिकित्सकाने पुढे आणलाच नव्हता, हेही नंतर उघडकीस आले. मुख्यतः त्या कारणावरून जानेवारी २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली. तो आकडा ज्यूरीपुढे यायलाच नको होता, असेही न्यायालयाने नमूद केले. तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढून सॅली घरी आली, पण सावरली नाही. २००७ साली वयाच्या ४२ व्या वर्षी तिचा अंत झाला, कारण अतिमद्यसेवन. ज्या तज्ज्ञांनी साक्ष दिली, ते खोटे बोलण्याच्या हेतूने पिंजऱ्यात उभे राहिले होते असे म्हणता येणार नाही. खोटी साक्ष न देण्याची आज्ञा आपण लहानपणी पाठ करतो आणि तिचा अर्थ ‘जाणूनबुजून खोटे बोलू नये’ एवढाच घेतो. ज्या आकड्यावर दुसऱ्याचे आयुष्य लटकले आहे, तो पारखून न घेता उच्चारणे हे त्या आज्ञेच्या कक्षेबाहेर आहे काय? मला तसे वाटत नाही.

साक्षीच्या या प्रश्नावर आपल्या बायबलमध्ये एक जुनी कथा आहे. दानिएलच्या ग्रंथातील सुसान्नाची. दोन वडीलधारे न्यायाधीश तिच्यावर व्यभिचाराचा आळ घेतात आणि दोघांची साक्ष जुळते म्हणून लोक तिला मृत्युदंड देण्यास सिद्ध होतात. तरुण दानिएल उठतो आणि एकच मागणी करतो, की या दोघांना वेगवेगळे ठेवा. मग प्रत्येकाला विचारतो, हे तू कोणत्या झाडाखाली पाहिलेस? एक जण एका झाडाचे नाव सांगतो, दुसरा दुसऱ्याच. दोन साक्षी होत्या असे वाटत होते. प्रत्यक्षात आपसात ठरवून उच्चारलेली एकच लबाडी होती. हजारो वर्षांपूर्वीच्या या कथेत साक्षी परस्परांपासून स्वतंत्र आहेत काय, हा संख्याशास्त्राचा कळीचा प्रश्न उभा आहे. एकच मजकूर नऊ गटांतून आपल्या फोनवर येतो, तेव्हा ‘नऊ जणांनी सांगितले’ असे आपण म्हणतो. साक्षीदार नऊ नसतात. एकाच आवाजाचे नऊ प्रतिध्वनी असतात.

येथे दोन आक्षेप येतील आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की हिशेबाच्या नावाखाली कशावरच विश्वास ठेवायचा नाही काय? तसे मुळीच नव्हे. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध आकड्यांनीच दाखविला. त्यानंतर कित्येक वर्षे सिगारेटच्या कारखानदारांनी ‘अजून पुरते सिद्ध झालेले नाही’ म्हणत शंकेचाच व्यापार केला आणि त्या काळात असंख्य माणसे मेली. भोळा विश्वास आणि सरसकट अविश्वास या एकाच आळसाच्या दोन बाजू आहेत. तोलणे दोघांनाही नको असते.

दुसरा आक्षेप एका आईने माझ्यापुढे मांडला होता. “फादर, हजारात एक हे तुमच्या कागदावर. माझे मूल हरवले तर मला ते हजारातले एक नाही, माझे सगळे आहे.” या वाक्यापुढे मी बराच वेळ निरुत्तर झालो होतो. तिचे म्हणणे खरे आहे. माणूस हा आकडा नव्हे, हे आम्ही धर्मगुरू व्यासपीठावरून सांगत असतो. परंतु राईनपाड्याला मारली गेलेली ती पाच माणसेही कोणाची तरी ‘सगळे’ होती. सॅली क्लार्कसुद्धा आईच होती. आपले एक मूल मोलाचे मानणाऱ्या प्रेमाने परक्याच्या घरातले एक माणूसही तितकेच मोलाचे मानले पाहिजे आणि ते मानायचे तर तोलावे लागते. आपल्या भीतीची किंमत कोण चुकवीत आहे, हे केवळ भावनेला दिसत नाही.

म्हणून कुटुंबातल्या वडीलधाऱ्यांना माझी एक विनंती आहे. रात्री रोझरीनंतर किंवा जेवणाच्या वेळी एखादी खळबळजनक बातमी निघाली, की मुलांना ती गणितासारखी सोडवायला सांगावी. किती जणांपैकी? पूर्वी किती होते? कोणी मोजले आणि मोजणाऱ्याचा त्यात काय लाभ होता? सांगणारे खरोखर किती, आणि एकाचेच ऐकून बोलणारे किती? याच गोष्टीचे दुसरे कारण असू शकेल काय? शेवटी, ही बातमी खोटी निघाली आणि मी ती पुढे पाठविलेली असली, तर भोगणार कोण? अखेरच्या प्रश्नाला गणिताची गरज नाही, पण पहिले पाच विचारण्याचा धीर त्याच प्रश्नातून येतो.

नव्याण्णव मेंढरे रानात ठेवून हरवलेल्या एकाच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाचा दाखला आपण कितीदा ऐकला असेल. त्या एकावरच्या प्रेमाविषयी मीही अनेक प्रवचने केली आहेत. परवा मृतांच्या वहीत एक नाव लिहिताना मला त्याची दुसरी बाजू प्रथमच जाणवली. एक मेंढरू हरवले आहे हे त्याला कळले, कारण संध्याकाळी त्याने सगळी मोजली होती. शंभर हा छेद त्याला ठाऊक होता.

मी नाव लिहून पूर्ण केले, शाई वाळू दिली आणि वही पुन्हा कपाटात ठेवली.